माळावरच्या पक्ष्यांची मोजदाद

आपल्या वसतिगृहामागील माळ माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेलच. कुसळी गवत, चार बोरी-बाभळी आणि मुरमाड जमीन एवढेच त्याचे वैभव. सरकारी दप्तरी त्याची नोंद ‘पडीक’ अशी आहे. गेली काही वर्षे आम्ही शिक्षक व विद्यार्थी दर फेब्रुवारीत तेथे पक्षी मोजतो. मुले भल्या पहाटे वही घेऊन माळावर काय करतात, असे पालक विचारतात, म्हणून हे टिपण.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही पक्षीगणना होते. १९९८ साली ती अमेरिकेत सुरू झाली. २०१३ पासून भारतीय पक्षीनिरीक्षकही तीत सहभागी होतात. शिक्षणसंस्थांच्या आवारांसाठी तिचाच ‘कॅम्पस बर्ड काउंट’ हा भाग आहे. किमान १५ मिनिटे निरीक्षण करावे, ओळखलेला प्रत्येक पक्षी संख्येसह नोंदवावा, केवळ आवाजावरून ओळखला असला तरी लिहावा. लहान गाणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत कानच अधिक उपयोगी पडतो. शिंपी झुडपात दिसत नाही, पण त्याची हाक दूरवर पोहोचते. दयाळ पहाटे शेंड्यावर बसून शीळ घालतो.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. शास्त्रीय वर्गीकरणात कोकिळ गाणाऱ्या पक्ष्यांच्या गणात बसत नाही. कावळा मात्र बसतो. प्रतिष्ठा कोणाच्या वाट्याला कशी येते, यावर आमच्या वर्गात त्या दिवशी तासभर चर्चा रंगली.

पहिल्या वर्षी आमच्या हातून एक चूक झाली. एका विद्यार्थ्याने यादीत ‘नवरंग’ लिहिला आणि भिंतीवरील तक्ता पाहून आम्हीच त्याला दुजोरा दिला. यादी सजावी हा मोह त्यामागे होता, हे मान्य केले पाहिजे. या याद्या ‘ई-बर्ड’ या संगणकीय नोंदवहीत जातात व अनपेक्षित नोंदी स्वयंसेवी तपासनीस पडताळतात. छायाचित्र आहे काय, अशी पृच्छा आली. नवरंग आपल्याकडे येतो तो पावसाळ्याच्या तोंडावर. हिवाळ्यात त्याचा मुक्काम दक्षिणेकडे असतो. आम्ही नोंद काढून टाकली. मुलांना अस्सल साधने आणि ऐकीव माहिती यांतील भेद शिकविणारे आम्ही, स्वतःच ऐकीवावर विसंबलो होतो! आता खात्री नसेल तर मुले ‘चंडोल, प्रजाती अनिश्चित’ असे लिहितात. तशी सोय नोंदवहीत आहे.

अशा नोंदींचे मोल मोठे आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ सालचा अहवाल सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. दीर्घकालीन कल ठरविता आला अशा ३३८ प्रजातींपैकी ६० टक्के प्रजाती घटल्या आहेत. माळराने व उघडी रानमोकळी यांवर जगणाऱ्या पक्ष्यांची अवस्था विशेष चिंतेची आहे.

हे वाचले तेव्हा आमच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. त्याच माळावर शंभर रोपे लावण्याचा संस्थेचा संकल्प होता, आणि त्याचा आग्रह आम्हीच धरला होता. परंतु आमच्या यादीत दरवर्षी डोंबारी चंडोल आहे. नर हवेत उंच चढतो, शीळ घालत डोंबाऱ्यासारखा खाली झेपावतो, पुन्हा वर जातो. मादी उघड्या जमिनीवरील खळग्यात अंडी घालते. तेथे दाट झाडी झाली तर हा पक्षी जाईल कोठे? वृक्षारोपणास विरोध करणे शिक्षकाला शोभत नाही, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुनावले. आम्ही पाच वर्षांच्या वह्या बैठकीत ठेवल्या. त्यातली तीन पाने वाचून झाल्यावर चर्चेचा सूर बदलला.

रोपे अखेर भोजनगृहापासून फाटकापर्यंतच्या रस्त्याकडेला लागली. माळ तूर्त आहे तसाच आहे. पुढच्या व्यवस्थापन समितीत हा विषय पुन्हा निघेल, तेव्हा वह्या पुन्हा लागतील. सध्या पंचवीस मुलांत एकच दुर्बीण आहे. कोणा माजी विद्यार्थ्याकडे वापरात नसलेली दुर्बीण असेल, तर ती फेब्रुवारीपूर्वी शाळेत पोहोचवावी. गणनेला स्वतः आल्यास अधिक आनंद होईल. पहाटे सव्वासहाला आम्ही वसतिगृहाच्या पायऱ्यांवर जमतो.