बालकांचे वळण

बालकांना सद्गुण शिकवावेत याविषयी दुमत नाही; ते कसे शिकवावेत, हाच प्रश्न आहे. औराद तालुक्यातील चिंताकीसारख्या गावी तो अधिक बिकट होतो. १९५६ साली हा तालुका हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. येथे घरी मराठी बोलणारे मूल शाळेत कन्नड सुवचने पाठ करते. परंतु ज्या भाषेत ते रागावते, खोटे बोलते, ती भाषा निराळीच असते. वचन जिभेवर राहते, वर्तनापर्यंत उतरत नाही.

अर्थात केवळ भाषा बदलून हे साधेल असे आम्हांस वाटत नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तेव्हा छात्रालयाची जबाबदारी त्यांजकडे होती. मुलांनी अस्ताव्यस्त टाकलेली अंथरुणे ते स्वतः आवरीत, खोल्या झाडीत, आणि त्याविषयी अवाक्षर काढीत नसत. मुले ओशाळली व आपण होऊन झाडू हाती घेऊ लागली. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने आधी शिष्यांचे पाय धुतले व मग त्याचा अर्थ सांगितला. हा क्रम आपण बहुधा उलटा करतो. (‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाले, त्यातील आईही उपदेशापेक्षा कामातूनच अधिक शिकविते.)

आमच्या शब्बाथ शाळेत वचने पाठ म्हणणाऱ्यास आम्ही बक्षीस देतो. वर्ग सुटल्यावर मागे राहून सतरंज्या गुंडाळणाऱ्या मुलाची नोंद कोठेच होत नाही. आणि त्या सतरंजीचे दुसरे टोक आम्हीही आजवर कधी धरलेले नाही.