वन्स मोर कुठवर?



'वन्स मोर' हा शब्द इंग्रजी खरा, पण संगीत नाटकांमुळे तो आपल्या घरातलाच झाला आहे. श्रोत्यांनी मागावे आणि गायकाने पुन्हा गावे, हा रिवाज पाश्चात्त्य रॉक संगीतातही आहे. तिथले काही बँड पन्नास-साठ वर्षे गात आहेत. सत्तरी-ऐंशीतल्या गायकांकडे लोक त्यांच्या पंचविशीतली गाणी मागतात. मग अशा बँडने कोणती जुनी गाणी कार्यक्रमातून वगळावीत? आम्हांला याची दोन कारणे पटतात.

पहिले कारण गळ्याचे. 'डीप पर्पल' हा बँड १९६८ साली इंग्लंडमध्ये स्थापन झाला. त्यांचे 'चाइल्ड इन टाइम' हे गाणे १९७० सालचे, सुमारे दहा मिनिटांचे. संथ सुरुवातीनंतर गायक इयान गिलन यांचा आवाज चढत चढत अक्षरशः किंकाळीपर्यंत जातो. गिलन यांचा जन्म १९४५ चा, म्हणजे ते गाणे त्यांनी ऐन तारुण्यात गायले. वय वाढले की स्वरपटलांचा लवचीकपणा कमी होतो व वरचे स्वर कठीण होतात. अनेक गायक अशा वेळी पट्टी उतरवतात. पण या गाण्याचा सारा भार त्या टिपेच्या स्वरावरच आहे. २००२ नंतर बँडने ते गाणे बंद केले, हे योग्यच झाले. उलट 'स्मोक ऑन द वॉटर' हे त्यांचे गाणे गळ्याची एवढी परीक्षा पाहत नाही. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे एका कॅसिनोला लागलेल्या आगीवर ते रचले आहे. श्रोते बरोबरीने गातात. ते थांबवण्याचे कारण नाही.

दुसरे कारण अर्थाचे, आणि ते अधिक महत्त्वाचे. 'रोलिंग स्टोन्स' हा १९६२ पासूनचा बँड. एप्रिल २००३ मध्ये त्यांचा कार्यक्रम मुंबईतही झाला होता. १९७१ साली प्रसिद्ध झालेले 'ब्राउन शुगर' हे त्यांचे अतिशय गाजलेले गाणे. त्याचा ठेका असा, की पाय आपोआप थिरकतात. शब्द मात्र अमेरिकेतील गुलामगिरीचे आणि गुलाम स्त्रियांवरील अत्याचाराचे आहेत. २०२१ च्या अमेरिका दौऱ्यात त्यांनी हे गाणे वगळले. गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांचे म्हणणे, की गाणे गुलामगिरीच्या भीषणतेबद्दलच आहे आणि लोकांना ते समजत नाही. त्यांचा हेतू आम्ही नाकारत नाही. पण हजारो लोक ज्या ठेक्यावर आनंदाने नाचतात, त्यात ती भीषणता पोहोचते कुठे? ज्यांच्या पूर्वजांनी ते भोगले, त्यांना काय वाटत असेल?

कोणी म्हणेल, हा इतिहास पुसण्याचा प्रकार आहे. तसे नाही. ध्वनिमुद्रिका जशीच्या तशी आहे. ज्याला ऐकायची, अभ्यासायची, त्याने जरूर ऐकावी. कार्यक्रमात कोणते गाणे घ्यायचे, ही निवड मात्र दरवेळी नव्याने करायची असते. केवळ जुने झाले किंवा गाणाऱ्याला कंटाळा आला म्हणून गाणे टाकू नये. श्रोत्याने वर्षभर पैसे साठवून तिकीट काढलेले असते, त्याच्यासाठी ते पहिल्यांदाच असते.

हा विचार आपल्या शाळेलाही लागू आहे. स्नेहसंमेलनात लहान मुले एखाद्या चित्रपटगीतावर नाचतात, आपण टाळ्या वाजवतो, पण शब्दांकडे कोणाचे लक्ष नसते. यापुढे गाणे निवडताना विद्यार्थ्यांनी ते आधी कागदावर लिहून काढावे, अर्थ शिक्षकांना विचारावा, आणि आपल्या गळ्याला झेपेल अशी पट्टी ठरवावी. पालकांनी व विश्वस्तांनीही याबाबत आपली मते अवश्य कळवावीत, ही विनंती.