एकास अठ्ठेचाळीस : एका उडत्या रुग्णवाहिकेची बांधणी

आपल्या व्यवसायातील मंडळींना छंद विचारला तर गाणे, बागकाम, फार तर गिर्यारोहण अशी उत्तरे मिळतात. माझे उत्तर ऐकून समोरचा सहसा विषय बदलतो. विज्ञानकथेत शोभतील, पण प्रत्यक्षात कुठेही अस्तित्वात नसतील अशा विमानांच्या लहान प्रतिकृती मी तयार करतो. तयार संच आणून सूचनेबरहुकूम जोडणे हा या छंदाचा बालवर्ग. त्याच संचात करवत घालून त्याचे दुसरेच काही करणे म्हणजे रूपांतर, आणि कोरे प्लॅस्टिक व लाकूड यांतून एकेक भाग स्वतः घडवणे म्हणजे स्क्रॅच-बिल्डिंग. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील याने याच मार्गाने घडली. रणगाड्यांच्या आणि युद्धनौकांच्या बाजारी संचांतले सुटे भाग त्यांच्या अंगावर चिकटवलेले होते. खऱ्या यंत्राचे तपशील दिसले की डोळा बाकीच्या थापेवर विश्वास ठेवतो.

मात्र केवळ डोळा फसवणारे यान मला नको होते. त्याचे कारण जोयडा तालुका. काळी नदीचे खोरे, सुपा धरणाचा अफाट जलाशय, व्याघ्र प्रकल्पाचे रान आणि त्यात विखुरलेल्या वाड्या. भर पावसाळ्यात आजाऱ्याला कांबळ्याच्या झोळीत घालून, ती बांबूला बांधून, खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते अशा वाड्या इथे आजही आहेत. मण्यार चावलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्या वाटेवरचा वेळ म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. ऑक्टोबर २०२१ मध्ये मणिपुरात लोकटाक सरोवरातील करांग बेटावर ड्रोनने लस पोहोचवली गेली. रस्त्याने २६ किलोमीटर पडणारे अंतर हवेतून १५ भरले. तिथे औषध रुग्णाकडे गेले. रुग्णालाच उचलून आणणारे यान कसे असावे, हा विचार माझ्या टेबलावर सुरू झाला तो तेव्हापासून.

आपल्याकडे काल्पनिक विमानांची परंपरा आहेच. तळपद्यांच्या १८९५ सालच्या चौपाटीवरील कथित उड्डाणाचा अभिमान बाळगणारी मंडळी ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचेही दाखले देतात. त्यातील विमानांची रेखाचित्रे बंगळुरूच्या एल्लप्पा या नकाशानवीसाने १९२३ मध्ये काढली. १९७४ साली तिथल्याच भारतीय विज्ञान संस्थेच्या पाच अभ्यासकांनी ग्रंथ आणि चित्रे तपासली. ग्रंथ १९०४ पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यातील एकही विमान उडण्याजोगे नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. चित्रे पाहायला मात्र देखणी आहेत. त्यांत आधी मनोरा रेखाटला गेला आणि वजन, वारा, माणूस हे प्रश्न कुणी विचारलेच नाहीत. मी उलट टोकाने, म्हणजे स्ट्रेचरपासून निघालो.

आधाराला घेतला ‘ह्यूई’ हेलिकॉप्टरचा १:४८ प्रमाणाचा संच. मूळ यंत्राच्या मोठ्या आवृत्तीत एकावर एक अशी सहा स्ट्रेचर बसत. युद्धभूमीसाठी ते ठीक होते. पण मधल्या मजल्यावरच्या रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालायची तर उशाशी डॉक्टर बसणार कुठे? म्हणून मी एकच स्ट्रेचर ठेवले, दोन मीटरचे, म्हणजे मॉडेलमध्ये ४२ मिलिमीटर. त्याच्या उशाशी साठ सेंटिमीटर मोकळी जागा, म्हणजे साडेबारा मिलिमीटर. या साडेबारा मिलिमीटरसाठी वैमानिकाची आसने पुढे सरकली, नाक लांबले आणि यानाचा सगळा चेहरा बदलला. ऑक्सिजनचे सिलिंडर, सक्शन, व्हेंटिलेटर हे सारे डॉक्टरच्या हाताच्या टप्प्यात बसवले.

मग शेपटी करवतीने कापली. झाडांच्या गर्दीत मागचा छोटा पंखा हीच पहिली धोक्याची वस्तू. त्याऐवजी एकाच अक्षावर, एकमेकांच्या उलट फिरणारे दोन मोठे पंखे दिले. चित्रपटांतली याने लहान गोल पंख्यांवर झोकात उभी राहतात. पण दीड टनाचे यान दीड मीटर व्यासाच्या दोन पंख्यांवर तोलायचे तर खाली फेकलेली हवा ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जाते. वाडीतल्या एकाही घरावर कौल राहणार नाही. तेच वजन दहा मीटरच्या पंख्यावर तोलले की वारा साठ-पासष्टवर येतो आणि शक्तीही कितीतरी कमी लागते. पंख्याची पाती परसातल्या बांबूची, १०४ मिलिमीटर लांब, तासून पातळ केलेली. ती आपल्याच भाराने किंचित झुकतात, अगदी खऱ्या पात्यांसारखी.

साहित्याबाबत दवाखान्याने मोठी साथ दिली. पुढची काच म्हणजे माझ्याच छातीचा जुना एक्स-रे. ब्लीचमध्ये बुडवला की वरचा थर सुटतो आणि फिकट निळी पारदर्शक फिल्म हाती येते. नाकासाठी लाकडाचा साचा कोरून त्यावर तापवलेले पॉलिस्टायरीन दाबले. सिरिंजच्या नळीचा मोह प्रत्येकाला होतो, पण ती पॉलिप्रॉपिलीनची, तिला ना नेहमीचा गोंद धरतो ना रंग. अर्थात जे वापरले ते मुदत संपलेले, न वापरलेले. जैववैद्यकीय कचऱ्याला छंदाच्या टेबलावर थारा नाही.

रंगकाम जानेवारीत. जोयड्याच्या पावसाळी हवेत लॅकर फवारला की त्यातील द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर दव धरते आणि रंग पांढुरका होतो.

यान पूर्ण होत आले तेव्हा झोळीची वाट खांद्यावर अनुभवलेल्या एका वृद्ध कुणबी गृहस्थांनी ते बराच वेळ न्याहाळले आणि एवढेच विचारले, “डॉक्टर, आमच्याकडे उतरायला सपाट जागा कुठे आहे?” दरवाजावर विंच बसली ती त्यानंतर. बचावकार्यातली पोलादी दोरी साधारण ४.८ मिलिमीटर जाडीची असते. तिला अठ्ठेचाळीसने भागले की एक दशांश मिलिमीटर येतो. टाके घालण्याचा ५-० नंबरचा काळा रेशमी धागा जवळपास तेवढ्याच जाडीचा. तो कपाटात होताच.