मुंबईचें जुनें विधिमंडळगृह : एक वास्तुसाक्ष्य

इ. स. १९२८ नंतरच्या मुंबईच्या राजकीय कागदपत्रांत ‘कौन्सिल हॉल’ हें नांव वारंवार येतें. रीगल चित्रपटगृहाजवळची ती गॉथिक इमारत विधिमंडळासाठींच उभारली गेली, असा समज त्यामुळें सहज होतो. तो बरोबर नाहीं, हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

सन १८७० मध्यें व्हिक्टोरिया राणीचे पुत्र आल्फ्रेड, ड्यूक ऑफ एडिंबरो, मुंबईस आले. त्या भेटीच्या स्मरणार्थ दर्यावर्दी लोकांसाठीं निवासगृह बांधण्याचें ठरलें. बडोद्याचे खंडेराव महाराज गायकवाड यांनीं त्यासाठीं दोन लक्ष रुपये दिले व पायाचा दगड खुद्द ड्यूकनीं बसविला. प्रत्यक्ष काम १८७२ च्या आरंभीं सुरू होऊन फेब्रुवारी १८७६ मध्यें पुरें झालें. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा; बोरीबंदरचें प्रसिद्ध रेल्वेस्थानक पुढें यांनींच रचिलें. ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ हें वास्तूचें मूळ नांव. २० अधिकारी व ५८ खलाशी यांच्या निवासाची तींत सोय होती. अडचणीच्या प्रसंगीं १०० खलाशांपर्यंत सामावून घेण्याची तजवीज होती.

सन १९२८ मध्यें मुंबई सरकारनें ही वास्तु कायदेकौन्सिलासाठीं घेतली. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, तरी विधिमंडळ तेथेंच भरत राहिलें. १९८१ मध्यें नरीमन पॉइंट येथील नव्या विधानभवनाचें उद्घाटन झालें, व १९८२ मध्यें जुन्या वास्तूंत राज्य पोलिसांचें मुख्य कार्यालय आलें.

‘वास्तु’ शब्द ‘वस्’ म्हणजे राहणें या धातूपासून आला आहे. येथें राहणारे दोनदां बदलले. परंतु दर्शनी त्रिकोणी शिखरभिंतींवरील समुद्रविषयक उठावशिल्पें मूळ हेतु अद्यापि सांगतात. कायदे करणाऱ्यांच्या सभागृहास सागराचें प्रयोजन काय, असा प्रश्न ज्यास पडेल, त्यास उत्तर १८७६ पर्यंत मागें नेईल. पोथीच्या शेवटीं असलेली पुष्पिका जें काम करितें, तेंच काम हीं शिल्पें करितात. पोथीचा धनी बदलला म्हणून तिचा लेखक बदलत नाहीं.

यावरून संशोधकांनीं दोन गोष्टी ध्यानीं धराव्या. पहिली, ‘सेलर्स होम’ व ‘कौन्सिल हॉल’ असे उल्लेख मुंबईच्या कागदांत आल्यास त्या दोन इमारती मानूं नयेत. दुसरी, अशा वास्तूची डागडुजी करितांना निरुपयोगी वाटणारें शिल्प काढूं नये. पुष्पिकेचें पान फाडलेली पोथी वाचतां येते, पण ती कोणाची हें मग कोण सांगणार?