जुनं घर, नवी बटणं

जुन्या घराच्या दुरुस्तीवर आम्ही रेडिओवर बोललो, त्यानंतर बऱ्याच गटांतून मागणी आली, की हे लिहून द्या, बैठकीत वाचून दाखवता येईल. म्हणून तेच बोलणं थोडं वाढवून इथं देत आहोत.

सुरुवात एका कर्जाच्या अर्जापासून करू. आमच्या एका गटातल्या ताईनं घरदुरुस्तीसाठी चाळीस हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. घर माळवदाचं, आजेसासऱ्यांच्या हातचं. दगड-मातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, सागाचे खांब, वर माती. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं यादी करून पाठवली होती : मोबाईलवर लागणारे बल्ब, वायफाय, दारावर कॅमेरा, बोलका स्पीकर, टाकी भरली की आपोआप बंद होणारी मोटर, गिझर. यादी वाचताना निम्म्या जणी हसल्या, निम्म्या जणींना हेवा वाटला. तेवढ्यात एका वयस्क बाईनं विचारलं, “ते सगळं खरं गं, पण तुझ्या मोरीच्या भिंतीला हात लावला की मुंग्या येतात, त्याचं काय?”

सगळ्या गप्प झाल्या. मग त्या ताईनंच सांगितलं, की पंधरवड्यापूर्वी सासूबाई ओलं लुगडं वाळत घालायला गेल्या आणि तारेचा झटका बसून मागं फेकल्या गेल्या. तारेचं एक टोक पत्र्याला बांधलेलं, आणि पत्र्याला जुनी, सोललेली वायर टेकलेली. सासूबाई वाचल्या. पण घरात ही गोष्ट कोणी कोणाला सांगितली नव्हती, कारण नवं घर होणार त्या आनंदात अपशकुन नको.

गटानं कर्ज दिलं. यादीतलं काहीच खोडलं नाही, फक्त क्रम बदलला. तो क्रम आणि त्यामागची कारणं आज सांगायची आहेत.

आधी डोक्यावरचं

माळवद उन्हाळ्यात थंड राहतं, हे आपण सगळ्या जाणतो. पण दर पावसाळ्याआधी गळतं म्हणून आपण वर पांढरी माती टाकतो. जुनी तशीच ठेवतो, नवी वर. अशी वर्षं जातात आणि छताचं वजन वाढत राहतं. खाली तुळईला वाळवी लागलेली असली तरी बाहेरून लाकूड धडधाकट दिसतं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. गणपती बोळवून माणसं झोपली होती आणि चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. बहुतेक जण गेले ते जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरचं मातीचं ओझं अंगावर येऊन. जुनं घर वाईट असतं असं आमचं म्हणणं नाही. जुन्या घराचं ओझं मोजायला हवं, एवढंच.

म्हणून पहिलं काम : जाणत्या गवंड्याला आणि जमल्यास अभियंत्याला बोलावून छत दाखवा. साठलेली जुनी माती उतरवून वजन कमी करता येतं का, कुठली तुळई बदलायची, ते ठरवा. तुळई सळईनं टोचून बघा. भुसा निघाला तर वाळवी आहे. भिंत पोटाकडून फुगली असेल तर तिथं आरपार जाणारे लांब दगड बसवून दोन्ही अंगं बांधून घ्यावी लागतात. आणि एक चूक टाळा : मातीच्या भिंतीला सरसकट सिमेंटचा गिलावा. आतली ओल बाहेर पडत नाही, भिंत आतून भुसभुशीत होते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. मातीला माती किंवा चुना मानवतो.

पाण्याची टाकी माळवदावर ठेवू नका. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो वजन. त्या ताईनं परसात लोखंडी घोडा करून त्यावर टाकी ठेवली.

मग भिंतीवरची वायर

वायरिंग करताना वायरमन भिंतीत खाचा पाडून पाइप गाडू म्हणतो. पक्क्या विटांच्या भिंतीत ते चालतं. दगड-मातीच्या भिंतीत लांब आडव्या खाचा पाडल्या तर भिंत कमजोर होते आणि ओलही वायरपर्यंत पोचते. अशा घराला भिंतीवरून प्लास्टिकच्या पट्टीतली वायरिंग बरी. दिसायला थोडी कमी, पण उघडून तपासता येते आणि उंदरांपासूनही राखता येते.

वायर आयएसआय खुणेचीच घ्या. दिव्या-पंख्याला दीड, मिक्सर-फ्रिजच्या पॉइंटला अडीच एमएमची, आणि गिझरला बोर्डापासून वेगळी, जाड वायर. काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

आता तीन गोष्टी नीट समजून घेऊ.

पहिली, अर्थिंग. तीन पायांच्या पिनेतला वरचा जाड पाय अर्थिंगचा. यंत्राच्या पत्र्यात करंट उतरला तर तो आपल्या अंगातून न जाता या वाटेनं जमिनीत जावा, यासाठी तो असतो. पुष्कळ जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण वरच्या भोकामागं वायरच नसते. खोलून बघायला सांगा. अर्थिंगचा खड्डा ओलसर राहायला हवा, म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी घाला.

दुसरी, एमसीबी. जास्त भार आला किंवा वायरीला वायर लागली की ती पडते. ती वायर जळू देत नाही. पण माणसाला झटका बसतो तेव्हा ती पडेलच असं नाही.

तिसरी, आरसीसीबी. दुकानात तिला कोणी ईएलसीबीही म्हणतात. ही वस्तू आपल्या गटाच्या हिशेबनीसासारखी आहे. एका वायरनं किती करंट गेला आणि दुसरीनं किती परत आला, हे ती सतत जुळवत असते. मधे कुठं गळती झाली, म्हणजे कोणाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून करंट जमिनीत गेला, की हिशेब जुळत नाही आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ती सगळं बंद करते. घरासाठी ३० मिलीअँपिअरची मागा. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. ते अधूनमधून दाबून बघा, ती लगेच पडायला हवी. बैठकीच्या दिवशी दाबायची सवय लावली तर विसरायला होत नाही.

ताईच्या घरी ही पेटी बसवली आणि मोरीकडचा भाग जोडला की ती पुन्हा पुन्हा पडायला लागली. वायरमन म्हणाला, “काढून टाकू का? त्रास देते.” ताई म्हणाली, “ती त्रास देत नाही, ती सांगते आहे.” शोधलं तर मोरीमागच्या भिंतीत जुन्या वायरीचा तुकडा जिवंत राहिला होता. सासूबाईंना झटका देणारी वायर तीच. पेटी पडत असेल तर पेटी काढू नका, कारण शोधा.

मग पंखा आणि दिवा

हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. फरक ४५ वॅटचा. रोज बारा तास धरले तर महिन्याला एका पंख्यामागं साधारण १६ युनिट वाचतात. तीन पंख्यांचे ४८. हा पंखा थोडा महाग असतो, पण इन्व्हर्टरवरही जास्त वेळ टिकतो. त्याला रिमोट असतो, त्यामुळं गुडघे धरलेल्या म्हातारीला उठावं लागत नाही.

छपरावर सौरऊर्जा घ्यायची असेल तर पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पण पॅनेलचंही ओझं असतं आणि त्यांना वारं लागतं. छताची तपासणी आधी.

आता मोबाईलवरची बटणं

इथवर आल्यावर मौजेला हरकत नाही. मौज हवीच. फक्त काही गोष्टी आधी माहीत असू द्या.

वायफाय जाड दगडी भिंतीतून पुढं जात नाही. ताईच्या घरात ते सोप्यात चालायचं, माजघरात नाही. यंत्र मधल्या दाराजवळ उंचावर ठेवल्यावर जमलं.

स्मार्ट बल्बचं भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. कोणी सवयीनं बंद केलं की मोबाईल कितीही दाबा, बल्ब ऐकत नाही. लाईट जाऊन आली की काही बल्ब मध्यरात्री आपोआप पेटतात. अॅपमध्ये ते बदलता येतं.

स्मार्ट प्लगवर अँपिअर लिहिलेले असतात. १० अँपिअरच्या प्लगवर गिझर किंवा पाण्याची मोटर लावू नका. मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते.

अशी प्रत्येक वस्तू बंद असतानाही थोडी वीज खाते. एक वॅट धरला तरी महिन्याला पाऊण युनिट. दहा वस्तू झाल्या की सात युनिट.

आम्हाला सगळ्यात उपयोगी वाटला तो माणसाची चाहूल लागली की पेटणारा साधा सेन्सर दिवा. त्याला ना मोबाईल लागतो, ना वायफाय. परसातल्या संडासाच्या वाटेवर ताईनं तो लावला. सासूबाई म्हणतात, “सगळ्यांत शहाणा हाच. मला बघून पेटतो.” बोलका स्पीकर हिंदी समजतो. त्या त्याच्याशी मराठीतच बोलतात, आणि तो चुकीचं गाणं लावतो तेव्हा त्याला रागावतात. घरात हसू असतं.

फोन कोणाच्या हातात?

शेवटची गोष्ट सगळ्यात नाजूक. यंत्रं मुलाच्या फोनला जोडलेली होती. तो पुण्याला गेला आणि दिवे लावायचा ताबाही सोबत गेला. शिवाय सोप्यातला कॅमेरा पुण्यातून बघता यायचा. दोन महिन्यांनी सून ताईला म्हणाली, “मला बसलं-उठलं की कोणीतरी बघतंय असं वाटतं.” ताईनं हे बैठकीत मांडलं, त्याला धाडस लागतं.

आमचं म्हणणं असं. कॅमेरा दारावर, गोठ्याकडं, बाहेर तोंड करून. माणसं राहतात तिथं नाही. त्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, आणि नवा घरात राहणाऱ्या बाईला माहीत हवा. अॅपमध्ये घरातल्या बाईचा नंबर जोडून घ्या. आणि भिंतीवरची साधी बटणं कधीही काढू नका. नेट गेलं, फोन बंद पडला, तरी दिवा लागलाच पाहिजे. ताईच्या मुलानं सगळं ऐकून घेतलं. पुढच्या सुटीत येऊन त्यानं कॅमेरा स्वतःच्या हातानं काढून दारावर लावला.

घरासाठी कर्ज बाई घेते, हप्ता बाई भरते. मग ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर तिचं नाव आहे का, हेही या निमित्तानं बघून घ्या.

पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं आपल्या घरी जाऊन तीन गोष्टी बघून यायच्या : सॉकेटमागं अर्थिंगची वायर आहे का, पेटीत आरसीसीबी आहे का, कपडे वाळत घालायची तार कशाला बांधली आहे. तार पत्र्याला किंवा विजेच्या खांबाला बांधलेली असेल तर हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करा, आणि तिच्या जागी नायलॉनची दोरी बांधा. त्या दोरीला कर्ज लागत नाही. खांबावरच्या तारेला मात्र स्वतः हात लावू नका, लाईनमनला बोलवा.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.