साखर काढली, मग बाटलीत उरलं काय?



गटाच्या बैठकांत हल्ली एक प्रश्न आमच्याकडे येतो. शहरातली लेक-सून सुट्टीला येताना पॅनकेकवर घालायच्या सिरपची बाटली आणते. वर 'शुगर फ्री' लिहिलेलं असतं. मग ती म्हणते, "आई, यात साखर नाही, तुम्हालाही चालेल." मधुमेह असलेल्या बाईला हे खरंच चालतं का? आज आपण या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचूया.

पॅनकेक म्हणजे मैदा, दूध आणि अंड्याचं जाडसर धिरडं. अमेरिका आणि कॅनडात त्यावर मेपल झाडाच्या रसाचा पाक घालतात. साधारण 40 लिटर रस आटवावा तेव्हा 1 लिटर पाक होतो, म्हणून तो महाग. 'शुगर फ्री' सिरपमध्ये बहुधा हा रस नसतोच. असतो तो फक्त त्याचा वास.

पाक आपल्याला नवा नाही. साखर पाकात किती कामं करते पाहा. ती गोडी आणते. एकतारी, दोनतारी असा घट्टपणा आणते. मोरांबा वर्षभर टिकतो तोही तिच्याच जोरावर. साखर काढून घेतली की उरतं पाणी. मग एकेका कामासाठी एकेक पदार्थ घालावा लागतो.

गोडीसाठी सुक्रालोज घालतात. ते साखरेवरच रासायनिक प्रक्रिया करून बनवतात आणि साखरेच्या सुमारे 600 पट गोड असतं, म्हणून चिमूटभर पुरतं. घट्टपणासाठी सेल्युलोज गम, म्हणजे लाकडाच्या किंवा कापसाच्या तंतूंवर प्रक्रिया करून केलेला डिंकासारखा पदार्थ, किंवा झॅन्थन गम. टिकण्यासाठी सोडियम बेन्झोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट. तपकिरी रंगासाठी कॅरॅमल रंग. काही बाटल्यांत सॉर्बिटॉलही असतं. ते जास्त पोटात गेलं तर गॅस होतो, जुलाब लागतात.

हे सगळे पदार्थ ठरवून दिलेल्या प्रमाणात वापरायला परवानगी आहे. ते विष नाही, तसं औषधही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली सांगितलं, की वजन कमी करण्यासाठी अशा गोडव्यांवर अवलंबून राहू नये. आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी मात्र तो सल्ला नव्हता.

मग सासूबाईंना द्यायचं का? चमचाभर सिरपने रक्तातली साखर फारशी वाढणार नाही. पण खालचा पॅनकेक मैद्याचा आहे, तो साखर वाढवणारच. 'शुगर फ्री' आहे म्हणून दोनाचे चार खाल्ले, तर उपयोग काय? गोळ्या आणि पथ्य डॉक्टरांनी सांगितलं तसंच चालू ठेवायचं.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईची साखर अचानक उतरली, घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, तर 'शुगर फ्री' काहीही कामाचं नाही. ती शुद्धीवर असेल तर लगेच साखरेचं पाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

"त्यापेक्षा आपली काकवी बरी," असं कुणी म्हणेल. काकवी म्हणजे आटवलेला उसाचा रस. घावनाबरोबर ती छानच लागते, पण तिच्यातही मुख्यतः साखरच आहे. मधुमेहात गूळ आणि काकवी साखरेइतकीच जपून खायची.

हे आपल्या धंद्यालाही लागू आहे. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे 100 ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल, तर 'शुगर फ्री' लिहिता येत नाही. म्हणून गुळाच्या लाडवाच्या पाकिटावर हे शब्द कधीच छापू नका. 'गुळाचे लाडू' एवढंच लिहा. आपल्या शब्दावर विश्वास ठेवून एखादी मधुमेही बाई रोज दोन लाडू खाईल, हे विसरू नका.

पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या क्रमाने असते. जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातलं एक रिकामं पाकीट आणा. पहिली तीन नावं मोठ्याने वाचूया. जे समजणार नाही, ते एकमेकींना विचारूया.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!