‘जेसन’चे कौतुक

लंडनच्या विज्ञान संग्रहालयात टांगलेले हिरवे ‘जेसन’ हे डी हॅविलंड कंपनीचे ‘जिप्सी मॉथ’ विमान आहे. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, सुमारे १०० अश्वशक्तीचे इंजिन आणि वैमानिकासाठी उघडी बैठक. हल शहरातल्या एमी जॉन्सनने ते जुनेच ६०० पौंडांना घेतले. पैशांची सोय तिचे वडील आणि तेल-उद्योजक लॉर्ड वेकफिल्ड यांनी केली. ‘जेसन’ हे नाव घरच्या मासळीच्या धंद्यातून आले.

५ मे १९३० रोजी सव्वीस वर्षांची एमी क्रॉयडनहून एकटी ऑस्ट्रेलियाकडे निघाली, तेव्हा निरोपाला मोजकीच माणसे होती. सहा दिवसांत, या एकट्याने करायच्या प्रवासाचा विक्रम ज्याच्या नावावर होता त्या बर्ट हिंकलरपेक्षा दोन दिवस कमी वेळात, तिने कराची गाठली आणि ती रोजच्या मथळ्यांत झळकू लागली.

खरा कस लागला तो रंगूनजवळ इनसीनला. तंत्रशाळेच्या मैदानात उतरताना विमान चरात गेले. पुढचा पंखा मोडला, एक पंख फाटला. जादा पंखा विमानाला बांधलेलाच होता. पंखाच्या लाकडी फासळ्या तंत्रशाळेत नव्याने घडवल्या. कापडाचे काय? महायुद्धातून उरलेल्या विमानी कापडाचे तिथे कुणी सदरे शिवले होते. तेच उसवून पंखावर चढवले. विमानदुरुस्तीचा सरकारी परवाना मिळवणारी एमी ही पहिली ब्रिटिश स्त्री होती, त्यामुळे इंजिनाची देखभाल ती वाटेत स्वतःच करी. या खोळंब्याने हिंकलरचा विक्रम मात्र हातचा गेला. २४ मे रोजी ती डार्विनला उतरली.

मग सत्कारांना ऊत आला. गर्दीला ‘एकटी पोरगी’ हवी होती. तिच्यातल्या कसबी कारागिराची दखल फार थोड्यांनी घेतली. ब्रिस्बेनला उतरताना थकलेल्या एमीचे विमान धावपट्टीपलीकडे जाऊन उलटले, तरी समारंभ थांबले नाहीत. पुढचा दौरा तिने दुसऱ्यांच्या विमानांतून केला. सिडनीच्या शाळकरी मुलांनी वर्गणी काढून तिला पैसे दिले. त्यांतून तिने सोन्याचा चषक करवून घेतला आणि मुलांच्या शौर्याचा गौरव करण्यासाठी हलला दिला. साऱ्या कौतुकातले हेच सर्वांत निर्मळ.

४ ऑगस्टला ती परतली, तेव्हा क्रॉयडन ते लंडन रस्त्याच्या दुतर्फा माणसेच माणसे होती. ‘एमी, वंडरफुल एमी’ हे गाणे घरोघर वाजत होते. ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने १०,००० पौंड दिले, पण त्या बदल्यात देशभर गावोगावी हजेरी लावायची होती. उड्डाणाने न खचलेली एमी त्या दौऱ्यात खचली. दौरा अर्ध्यावर सोडावा लागला.